शेवंतामावशी, तुमच्या नोंदी बरोबर होत्या

मागच्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला मी खोटं बोलले, शेवंतामावशी.

अंगणात मांडव घातला होता. त्रिसरण-पंचशील झालं. तुमचा फोटो लावला होता, सुमनच्या लग्नातला. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि तुम्ही एकट्या बाजूला कुठेतरी बघताय. मग सुमननं, तुमच्या सुनेनं, मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी म्हणाले, "शेवंताबाई फार मायाळू होत्या. माझ्या संशोधनात त्यांची मोलाची मदत झाली." लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसले आणि नंतर पंगतीत जेवलेसुद्धा.

मोलाची मदत म्हणे. तुम्ही ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसला असता.

म्हणून हे लिहितेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. पण दुसऱ्या कुणाला सांगायला बसले की मी स्वतःला थोडं सावरून, थोडं झाकून सांगते. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी पापांची कबुली सगळे मिळून मोठ्यानं म्हणतात. इतक्या आवाजांत माझा आवाज मिसळून जायचा, आणि चार वर्षं मला तेवढं पुरलं. तुमच्यापुढे तसं करता येत नाही.

तुमच्या माळावर पहिल्यांदा आले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. नगरला प्राणिशास्त्र शिकून एका नावाजलेल्या सरांच्या हाताखाली पीएच.डी.ला लागलेली. विषय होता कोरड्या गवताळ माळावरचे लहान सस्तन प्राणी. साध्या भाषेत सांगायचं तर उंदीर. कुठल्या जागी कुठला राहतो, गवत वाढलं, कापलं, चरलं गेलं की त्यांचं काय होतं. खर्ड्याकडे जाणाऱ्या एसटीतून फाट्यावर उतरले तेव्हा खांद्यावर पत्र्याच्या सापळ्यांचं पोतं होतं. तुम्ही गवताचा भारा घेऊन समोरून येत होता.

"काय इकाया आणलंय, म्याडम?"

"विकायला नाही. उंदीर धरायचे सापळे आहेत."

"मारायला?"

"नाही, मोजायला. धरायचे, मोजायचे आणि सोडून द्यायचे."

तुम्ही भारा खाली टाकला आणि कमरेवर हात ठेवून हसलात. "धरायचं, मोजायचं अन् सोडून द्यायचं! आन् याला शिक्षण लागतं व्हय?"

मला राग आला होता, खरं सांगते. पण त्या आठवड्यात राग गिळावा लागला. सरांनी आखून दिलेल्या नकाशाप्रमाणे मी सरळ रेषेत, सारख्या अंतरावर सापळे लावले आणि तीन सकाळी सगळे रिकामे निघाले. चौथ्या सकाळी तुम्ही विळा घेऊन आलात, माझ्या सापळ्यांच्या रांगेकडे बघितलंत आणि म्हणालात, "उंदराला तुझी रांग काय म्हाईत? चल, त्यांची घरं दावते."

आणि दाखवलीत. उघड्या बरड जमिनीवर, जिथं गवत विरळ आणि पायाखाली मुरूम, तिथं शेपटीला झुपका असलेल्या उंदराची बिळं. तो पळतो तो मोकळ्यावरूनच, टणाटणा उड्या मारत, म्हणून त्याला पुढचं दिसायला हवं. दाट गवतात तो राहतच नाही. त्या दाट गवताच्या बुडाशी दुसरा, तपकिरी, आखूड नाकाचा. तो गवताच्या आतून वाटा पाडतो, वरून बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. आणि तिसरी तुमची लाडकी. चढावर, बारीक खड्यांच्या जमिनीत राहणारी एवढीशी उंदरी. बिळाच्या तोंडाशी ती तोंडानं खडे आणून रचून ठेवते. तुम्ही तिला खडेवाली म्हणायचात.

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?" मी विचारलं.

"भुकेनं," तुम्ही म्हणालात. बाहत्तरच्या दुष्काळात तुम्ही आणि तुमचे मालक बांधावरच्या घुशींची बिळं उकरून त्यांनी साठवलेली कणसं काढायचात. कुठल्या बिळात दाणा आहे आणि कुठल्या बिळात नुसती माती, हे कळल्याशिवाय उकरणं परवडायचं नाही. "पर खडेवालीचं बीळ कधी खंदलं न्हाई," तुम्ही म्हणालात. "तिच्याकडं काय आसतंय? चार खडं."

तीन वर्षं मी येत-जात राहिले. तुमच्या घरात एका कोपऱ्यात माझी वळकटी कायमची पडलेली असायची. एस्तेर हे नाव तुमच्या तोंडात इस्तर झालं आणि तेच राहिलं. दिवस मावळायच्या आधी सापळ्यांत भाकरीचा तुकडा आणि शेंगदाणे ठेवायचे, उजाडताना बघायचे. तुम्ही उंदराला मानेच्या कातड्याला धरून अलगद उचलायचात. मला पहिल्या वर्षी तीनदा चावले, तुम्हाला एकदाही नाही.

आपलं भांडण दुसऱ्या वर्षी सुरू झालं. सरांनी माळाचा एक तुकडा तारेचं कुंपण घालून बंद करून घेतला होता. तिथं चरायचं नाही, कापायचं नाही. शेजारचा पट्टा तुमच्यासाठी मोकळा: तुमच्या शेळ्या, तुमचा विळा. सरांचं म्हणणं होतं की बंद तुकड्यात प्राणी वाढतील, चराईच्या पट्ट्यात संपतील. पहिल्या वर्षी तसंच झालं. मी आनंदानं तुम्हाला सांगितलं.

"थांब," तुम्ही म्हणालात. "आता गवत उभं हाय. म्होरल्या साली बसंन. कापलं न्हाई, खाल्लं न्हाई, की गवत आपल्याच अंगावर पडतं. खाली अंदार हुतो. दाना खाली पडतो पन जमिनीला लागत न्हाई. झुपक्यावाला तितं काय करंल? आन् खडेवाली?"

"पण शेळ्या सगळं खातात, मावशी. बोडका करतात माळ."

"शंभर घातल्या तर करतात. माज्या चार हायेत."

"असं नुसतं म्हणून चालत नाही. सिद्ध व्हायला लागतं."

"मग कर की सिद्द. म्या कुटं नको म्हनते?"

तिसऱ्या वर्षी, पावसाळा संपता संपता, मला कावीळ झाली. सगळ्या अभ्यासातला महत्त्वाचा महिना तोच होता आणि मी नगरला घरी मुळ्याची पानं चघळत पडले होते. सापळे बंद ठेवा असा निरोप पाठवला होता. महिन्यानं परत आले तर तुम्ही माझ्यापुढे फडक्याची गाठोडी मांडलीत, दिवसाला एक. प्रत्येकात दोन पुरचुंड्या, एक कुंपणातली, दुसरी तुमच्या पट्ट्यातली. दुसरीला काळा दोरा बांधलेला. आत, सापळ्यात आलेल्या प्रत्येक झुपकेवाल्यासाठी एक चिंचोका, गवतातल्यासाठी बाभळीची बी आणि खडेवालीसाठी खडा. एकही दिवस चुकला नव्हता.

मी गाठोडी सोडत गेले आणि वहीत लिहीत गेले. कुंपणातल्या पुरचुंडीत बाभळीच्या बिया तेवढ्या. काळ्या दोऱ्याच्या पुरचुंडीत तिन्ही. मला विश्वास बसेना. म्हणून पुढचे आठ दिवस मी स्वतः सापळे बघितले. आकडे तसेच आले, मावशी. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण नंतर मी ते कुठंच लिहिलं नाही. तुमच्या नोंदी मी तपासल्या होत्या आणि त्या बरोबर होत्या.

आकडे घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, वही बाजूला सरकवली. माळावर वनीकरण करायचं ठरत होतं आणि वन खात्यानं त्यांच्याकडे अहवाल मागितला होता. चराईनं माळ बिघडला आहे, तो बंद करून पाणी मुरवायला चर खणावेत, झाडं लावावीत, असा त्यांचा निष्कर्ष आधीच तयार होता. "त्या महिन्यात तू तिथं होतीस का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. "मग या नोंदी कुणाच्या?" मी तुमचं नाव सांगितलं. "एक गवत कापणारी बाई चिंचोके मोजते आणि तू ते प्रबंधात घालणार?"

नंतरच्या माझ्या आठ दिवसांविषयी मी बोलले नाही. बोलता आलं असतं. वही समोर होती, पान उलटायचा अवकाश. पण त्याच वेळी कॉलेजातल्या एका जागेसाठी माझं नाव पुढे गेलं होतं आणि शिफारस सरांची होती. मी वही मिटली.

अहवालात एक वाक्य गेलं. ते सरांनी सांगितलं नव्हतं, माझं मीच लिहिलं. बाकी सगळं विसरले तरी ते मला पाठ आहे: 'चराईच्या पट्ट्यातील तिसऱ्या वर्षाच्या नोंदी अशिक्षित स्थानिक मजुराच्या सदोष हाताळणीमुळे ग्राह्य धरलेल्या नाहीत.' खाली दोन सह्या. एक सरांची, एक माझी.

सदोष हाताळणी. ज्या हाताला एकही उंदीर कधी चावला नाही, त्या हाताविषयी मी हे लिहिलं.

मला नोकरी लागली. पेढे घेऊन मी तुमच्याकडे आले होते, आठवतं? तुम्ही पेढा खाऊन विचारलंत, "मग झालं का आपलं सिद्द?" 'आपलं' म्हणालात. मी म्हणाले, अजून वेळ लागेल, मावशी, मोठ्या कामाला वेळ लागतो. तुम्ही बरं म्हणालात.

माळाच्या उत्तरेच्या अंगावर चर खणायला सुरुवात झाली त्या उन्हाळ्यात खात्याच्या साहेबांनी मला जीपमधून बघायला नेलं. रोजगार हमीचं काम होतं. बायका रांगेनं उभ्या होत्या, कुणाच्या हातात टिकाव, कुणाच्या डोक्यावर पाटी. तो खडेवालीचा चढ होता. आणि त्या रांगेत तुम्ही होता. तुमचा टिकाव वर गेलेला मी बघितला. तुम्ही जीपकडे बघितलंत, मला ओळखलंत, टिकाव खाली ठेवून हात वर केलात. तोंडानं काहीतरी म्हणालात, इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही.

मी मांडीवरच्या फायलीत बघायला लागले, मावशी. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. जीप थांबवा, एवढे दोन शब्द बोलायचे होते. साहेबांनी विचारलंसुद्धा, "कुणी ओळखीचं आहे का?" मी म्हणाले, "नाही."

माझ्या शब्दानं तो चढ खणला जात होता आणि खणत होता तुम्ही.

त्यानंतर मी माळावर आले नाही. एकदाच भेटलो, दोन वर्षांपूर्वी, जामखेडच्या स्टँडवर. तुम्ही वाळला होता, पण आवाज तोच. "इस्तर! माळावर कदी येतीस?" "येते की, परीक्षा संपल्या की." तुमची गाडी लागली. तुम्ही चढता चढता वळून म्हणालात, "ये. लई बोलायचं हाय." मला वाटलं, तुम्हाला काही माहीत नाही. वाटलं आणि हायसं झालं. या हायसं होण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आणि आता सुमनचं पत्र आलं. ताप आला, तीन दिवसांत आटोपलं.

त्या रविवारी, पंगत उठल्यावर, सुमन मला घरामागं घेऊन गेली. ती आता अंगणवाडीत आहे, तुम्हाला तिचा केवढा अभिमान. मला म्हणाली, "म्याडम, तुमी मगाशी मोलाची मदत म्हनला. अहवालात तर येगळंच लिवलंय."

हे कसं कळलं, मी विचारलं.

"पंचायतीत एक प्रत आली हुती. आत्याबाईंनी मला वाचाया लावली. आपलं नाव हाय का बग म्हनल्या. नाव नव्हतं. ते वाक्य हुतं. म्या गाळून पुढं जात हुते, तर म्हनल्या, का थांबलीस, वाच. वाचलं."

"कधी?" मी विचारलं.

"चर खंदायच्या आदी."

म्हणजे जीपकडे हात केलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. स्टँडवरसुद्धा. सगळं माहीत असून तुम्ही मला हाक मारली होती.

"काय म्हणाल्या?"

"दोन दिस बोलल्या न्हाईत कुनाशी. मग म्हनल्या, तिची नोकरी पक्की हुंदे. मग इस्तर यील आन् सोता सांगंल. पोर खोटी न्हाई." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "वाट बगितली त्यांनी, म्याडम."

शिव्या दिल्या असत्यात तर मी त्या घेऊन निघून गेले असते. तुम्ही माझी बाजू घेतलीत, आणि तीही चार वर्षं.

सुमननं मला माळावर नेलं. चरांच्या काठानं लावलेली झाडं निम्मीअधिक वाळलेली, उरलेल्यांच्या मधे न कापलेलं गवत एकमेकांवर पडून कुजलेलं. मी खाली बसून हातानं गवत बाजूला केलं. खाली खरंच अंधार होता. झुपकेवाल्याचं एकही बीळ सापडलं नाही. चढावर खडे सगळीकडे विखुरले होते, रचलेले कुठंच नव्हते. "पूर्वी हिकडं खोकड दिसायचं," सुमन म्हणाली. "उंदीर न्हाईत तर ते तरी काय खाईल?" मग तिनं दक्षिणेकडे बोट केलं. तो तुमचा पट्टा. तिथं अजून गवत गुडघ्याइतकं, मधे मधे उघडी जमीन, आणि बिळं, वापरातली, तोंडाशी ताजी माती. "गुरवारी ग्रामसभा हाय. आता ह्यो बी चराला घ्यायचाय."

गुरुवारी मी गेले. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. चार वर्षांनी, तुम्ही गेल्यावर, जाण्यात शौर्य कसलं? खात्याचे साहेब नवीन होते. मी उभी राहून सांगायला लागले की हा पट्टा चर खणून बिघडेल, इथं जे राहतात ते उघड्या माळाचे प्राणी आहेत, त्यांना झाडी नको. साहेबांनी शांतपणे फाईल उघडली. "मॅडम, हा अहवाल तुमचाच ना? ही सही?"

"माझीच."

"यात तर तुम्ही उलट लिहिलंय."

"हो. खोटं लिहिलंय."

सभेत कुजबूज झाली. मी ते वाक्य सगळ्यांपुढे म्हणून दाखवलं, पाठच होतं. मग सांगितलं की तो अशिक्षित मजूर म्हणजे शेवंताबाई, त्यांच्या नोंदी मी स्वतः तपासल्या होत्या आणि त्या बरोबर होत्या. साहेब म्हणाले, "हे लेखी द्या." मी तिथंच बसून लिहून दिलं. त्याचं कॉलेजात काय होईल ते मला माहीत नाही. विचारतील तेव्हा हेच सांगेन.

मला वाटलं होतं, एवढ्यानं काम झालं. पण मागून एक बाई उठल्या. तुमच्याच आळीतल्या, तुमच्याबरोबर पाटी उचललेल्या. "म्याडम, उंदरापायी आमचं काम बंद करता व्हय? उन्हाळ्यात आमी कुटं जायाचं?"

हा प्रश्न माझ्या तीन वर्षांच्या वह्यांत कुठंच नव्हता.

उत्तर सुमननं दिलं. ती उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "काम बंद कशाला? चर नाल्याच्या अंगाला खंदा. तितं काळी माती हाय, झाडं बी जगतील आन् पानी बी मुरंल. काम तेवडंच हाय, कमी न्हाई. ह्यो बरड पट्टा गवताला ऱ्हाऊंदे, आपून कापून न्हिऊ. आमच्या आत्याबाई पैल्यापसनं ह्येच सांगत हुत्या. कुनी इचारलंच न्हाई त्यास्नी."

खरंच, मावशी, विचारलं नव्हतं. उंदीर कुठं राहतात हे मी तुम्हाला तीन वर्षं विचारत होते. माळाचं काय करावं हे एकदाही विचारलं नाही.

वाद बराच झाला. साहेबांनी नाल्याची जागा बघून येतो म्हणून सांगितलं, शिपायाला घेऊन चालत जाऊन बघून आलेसुद्धा. शेवटी ठराव झाला. दक्षिणेचा पट्टा वगळायचा, चर नाल्याकडे. उत्तरेचं गेलं ते गेलंच. तो चढ आता कुणी परत आणू शकत नाही, आणि ते मी केलं आहे.

ग्रामसेवक ठराव लिहायला बसले. सूचक म्हणून तुमचं नाव घाला असं सुमन म्हणाली. मयत माणसाचं नाव घालता येत नाही, ते म्हणाले. मग तिनं स्वतःचं सांगितलं. हात वर करायला सांगितले तेव्हा माझाही हात उठला होता. ग्रामसेवकांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही गावच्या नाही. हात खाली घ्या. ह्या कोण आहेत, सुमनताई? नोंद काय करू?"

सुमननं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता आणि माफीही नव्हती.

"ह्या व्हय?" ती म्हणाली. "ह्या आमच्या आत्याबाईंच्या हाताखाली कामाला हुत्या."

ग्रामसेवकांनी मला विचारलं, बरोबर का?

मी हो म्हणाले.